लाजेपायी जीव गमावू नका

(नरसिंहपूर येथे विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो विषय आपण घरातही मोठ्याने बोलत नाही. चुलीपाशी दोघी जणी असल्या तरी इकडे-तिकडे बघून कुजबुजतो. विषय आहे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा. मंडळाच्या बायकांनी मला आधीच विचारले होते, "बाई, पुरुषांना बाहेर बसायला सांगायचं का?" मी म्हटले, नको, बसू द्या. बायकोला दवाखान्यात न्यायचे की नाही, एसटीला पैसे द्यायचे की नाही, हे बहुतेक घरांत अजून पुरुषच ठरवतात. मग त्यांनाही कळायला हवे की नको?

आणि बाईच्या शरीराबद्दल सभेत बोलू नये असे ज्यांना वाटते, त्यांना मी एक आठवण देते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला होता. तो पी. जे. रोहम यांनी मांडला, आणि त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. त्याच्याही आधी १९२८ साली बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी कायदे कौन्सिलात पाठिंबा दिला होता. ज्यांनी त्या काळी कायदेमंडळात उभे राहून बाईच्या आरोग्याचा प्रश्न मांडला, त्यांच्या लेकींनी आज विहारात बसून लाजायचे काय कारण?

मी शासकीय सेवेत परिचारिका म्हणून काम केलेले आहे. म्हणून पुस्तकी बोलण्यापेक्षा तुमच्या-माझ्या भाषेत सांगते.

रोग कसा होतो

गर्भपिशवी आपल्या ओटीपोटात असते. तिचे तोंड खाली योनिमार्गात उघडते. या तोंडाला जो कर्करोग होतो तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या खालोखाल याचा नंबर लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार बायका त्याने मरतात. साधा हिशेब करा. दर सात मिनिटांच्या आत एक बाई. माझे भाषण संपेपर्यंत देशात चार-पाच घरांत रडारड झालेली असेल.

बरे, हा रोग एकाएकी येत नाही. तो एका विषाणूमुळे होतो. त्याला 'एचपीव्ही' म्हणतात. जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास या कर्करोगात त्या विषाणूचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या या रोगापैकी सुमारे ७० टक्के रोग या दोन प्रकारांमुळे होतो.

आता हा विषाणू येतो कुठून? तो शरीरसंबंधातून येतो. हे ऐकले की लगेच माना खाली जातात, आणि एखादी सासू सुनेकडे वेगळ्या नजरेने बघते. म्हणून नीट ऐका. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच. लग्न एकच, नवरा एकच, तरी लागू शकतो. त्याचा बाईच्या चारित्र्याशी काडीचा संबंध जोडू नका. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. त्या बाईला कळतसुद्धा नाही.

थोड्या बायकांमध्ये मात्र तो मुक्काम ठोकून बसतो. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. हा बदल होऊन कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या आजाराने अंगातली ताकद कमी झाली असेल तर पाच-दहा वर्षांत होतो. लहान वयात लग्न, वरचेवर बाळंतपणे, विडी-सिगारेटचा धूर, यांनी धोका वाढतो.

माझ्या बायांनो, पंधरा-वीस वर्षे! इतकी वर्षे हा चोर दाराबाहेर उभा असतो. दाराला कडी घालायला इतका वेळ कुठला रोग देतो? पण या काळात दुखत नाही, खुपत नाही, अंगावरून काही जात नाही. म्हणून बाई म्हणते, मला काय झालंय तपासायला? आणि जेव्हा दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

दिसू लागते म्हणजे काय, तेही सांगते. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणे. संबंधानंतर रक्त जाणे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणे. घाण वासाचे पाणी जाणे. कंबर आणि ओटीपोट सतत दुखणे, पुढे पायाला सूज येणे. पाळी जाऊन पाच-पाच वर्षे झालेल्या आजीबाई मला सांगायच्या, "सिस्टर, पुन्हा पाळी सुरू झाली बघा, अंगात ताकद आली वाटतं." तसे नसते हो. पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. अशा वेळी "पुढच्या महिन्यात सुगी झाली की बघू" असे म्हणायचे नाही.

बार्शी आणि धाराशिव : आपल्या शेजारचे काम

आता मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती अमेरिकेतली नाही. आपल्या संगमावरून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. टेंभुर्णी, कुर्डूवाडी मागे टाकली की बार्शी. त्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांसाठी. देशात खेड्यापाड्यांसाठी अशी नोंदणी तोपर्यंत झालेली नव्हती. ज्या होत्या त्या मुंबईसारख्या शहरांच्या.

शहरात नोंदणी सोपी असते. रुग्ण दवाखान्यात येतो, कागद लिहिला जातो. खेड्यातली बाई दवाखान्यात येतच नव्हती, तर कागद कुठून लिहिणार? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटे केले. तेच गावोगाव हिंडले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, दाई, सगळ्यांना भेटले. सभा घेतल्या. रोगाची लक्षणे समजावली. कुणाला त्रास आहे का विचारले आणि त्यांना दवाखान्यात आणले. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. तेव्हा लक्षात आले, की त्या मुलखात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत पहिला नंबर याच रोगाचा होता.

यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. १९९५ साली बार्शीच्या मंडळींनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की गावागावांत नुसती माहिती सांगत गेल्यावर, लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. यंत्र नाही, औषध नाही, नुसते बोलणे. म्हणून आज मी जे बोलते आहे आणि उद्या तुम्ही पाणवठ्यावर, रानात, बचत गटात जे बोलाल, त्याला किंमत आहे. बोलण्याने जीव वाचतो हे आपल्या शेजारच्या तालुक्यात दिसलेले आहे.

पुढची गोष्ट त्याहून मोठी. १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नजरेने पाहण्याची तपासणी. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली गेली, पण त्यांची तपासणी केली नाही. मग आठ वर्षे लक्ष ठेवले.

२००९ साली निकाल जाहीर झाला आणि साऱ्या जगाने तो वाचला. तपासणी न झालेल्या भागात ३१,४८८ बायकांमध्ये या रोगाने ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ बायकांमध्ये ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांच्या तपासणीत विषाणू सापडला नाही, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या रोगाने गेली नाही. बाकीच्या दोन तपासण्यांनी त्या अभ्यासात मरण फारसे कमी झालेले दिसले नाही.

मग व्हिनेगरची तपासणी फुकट का? तसेही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दुसरा अभ्यास केला. दीड लाखावर बायका. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या, वस्तीत काम करणाऱ्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी केली. तिथे मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टर नव्हे, दहावी शिकलेल्या बाया! याचा अर्थ असा की ही तपासणी वरचेवर आणि नीट शिकलेल्या हातांनी केली तर तीही जीव वाचवते.

आता मी तुम्हाला एक कडू प्रश्न विचारते. धाराशिवच्या बायकांमुळे जगाला कळले की कोणती तपासणी सर्वांत चांगली. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांत आपल्या शेजारणींचा पुरावा आहे. मग त्याचा फायदा आपल्या गावात किती पोहोचला? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, तुमची ही तपासणी कधी झाली आहे का? देशात शंभरातल्या दोघींनीसुद्धा 'हो' म्हटले नाही. प्रमाण निघाले १.९ टक्के. ज्ञान आपल्या मातीतून गेले, आणि आपल्याच मातीत परत यायला त्याला एसटी मिळाली नाही!

त्या चौथ्या भागातल्या बायकांबद्दलही पुढे पुष्कळ वाद झाला. तपासणीने जीव वाचतो हे माहीत असताना त्यांना तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न देशातून आणि बाहेरून विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या वेळी देशात खेड्यातल्या बाईला अशी तपासणी मिळतच नव्हती. जे सगळ्यांना मिळत होते तेच त्यांनाही मिळाले. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवते. पण ६४ हा आकडा वाचताना त्यामागे ६४ घरे आहेत एवढे आपण विसरायचे नाही. त्या बायकांचे ऋण कशाने फिटेल? आपण तपासणी करून घेतली तरच.

विचारल्याशिवाय काही नाही

गरिबाच्या शरीरावरून ज्ञान घ्यायचे आणि त्याला विचारायचेही नाही, ही जुनी खोड आहे. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई होती. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिला हाच रोग होता. तिला न विचारता डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, आजही वाढतात. पोलिओच्या लसीपासून किती तरी शोध त्या पेशींवर झाले. तिच्यात १८ नंबरचा विषाणू होता हेही पुढे कळले. ती बाई वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. तिच्या घरच्यांना वीस-एक वर्षे पत्ताच नव्हता. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली.

आपल्याकडेही २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० साली तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. मात्र आई-बापांच्या संमतीच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. लस चांगली होती, पण विचारण्याची रीत चुकली, आणि त्याने लोकांच्या मनात जी भीती बसली ती कितीतरी वर्षे गेली नाही.

म्हणून तपासणीला जाताना आपला हक्क लक्षात ठेवा. काय करणार, कशासाठी करणार, निकाल कधी मिळणार, हे विचारायचे. समजले नाही तर पुन्हा विचारायचे. कागद मागून घ्यायचा. अंगठा उठवण्याआधी वाचून घ्यायचे, वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्यायचे.

पिशवी काढण्याची घाई

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण ती आपल्या भागाशी निगडित आहे. आपल्याकडे इंदापूर, बारामती, माळशिरसच्या कारखान्यांवर दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात. आपल्या समाजातलीही कित्येक कुटुंबे कोयता घेऊन जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऐन तिशीतल्या, काही तर त्याहून लहान.

कशाने काढल्या? अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते. दवाखान्यात गेले की सांगायचे, "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका." कॅन्सर म्हटले की बाई घाबरते, नवरा घाबरतो, उचल घेऊन ऑपरेशन होते.

तर माझ्या बायांनो, ध्यानात ठेवा. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्या-औषधांनी बरा होतो. 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या भीतीवर पिशवी काढायची नसते. कर्करोगाची शंका असेल तर आधी पिशवीच्या तोंडाची तपासणी, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासणी, तिचा लेखी अहवाल, आणि मग निर्णय. "डॉक्टर, तुकड्याची तपासणी झाली का? रिपोर्ट दाखवा," हे एक वाक्य पाठ करून ठेवा. आणखी एका सरकारी दवाखान्यात दाखवल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणायचे नाही. तपासणी केलेली बाई फसत नाही, कारण तिच्या हातात कागद असतो.

तपासणी कशी असते

तपासणीची निम्मी भीती ती माहीत नसल्याने असते. म्हणून सांगते. बाईला पडद्याआड टेबलावर झोपवतात. चमच्यासारखे एक साधन योनिमार्गात बसवतात, म्हणजे पिशवीचे तोंड दिसते. थोडे अवघडल्यासारखे होते, पण कापाकापी नाही, सुई नाही, भूल नाही. व्हिनेगरच्या तपासणीत पातळ केलेले अ‍ॅसेटिक आम्ल कापसाने तोंडावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. चायनीजच्या गाडीवर जे व्हिनेगर असते त्याच जातीचे हे. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. लगेच कळते. पॅप तपासणीत तोंडावरच्या पेशी खरवडून काचेवर घेतात आणि प्रयोगशाळेत बघतात. एचपीव्ही तपासणीत छोट्या ब्रशने नमुना घेतात. हा नमुना बाई स्वतःचा स्वतःसुद्धा घेऊ शकते, त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. पाळी गेलेल्या बायकांत बदलणारा भाग आत सरकलेला असतो, तिथे नजरेची तपासणी कमी पडते. अशांना ही विषाणूची तपासणी बरी.

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करावयाची, असे २०१६ पासून ठरलेले आहे. त्याच वेळी तोंडाची आणि स्तनांचीही तपासणी होते. मशेरी लावणाऱ्या माझ्या मावश्यांनो, तोंडाची तपासणी तुमच्यासाठीच आहे हो! एचआयव्ही असलेल्या बहिणींनी पंचविसाव्या वर्षापासून तपासून घ्यावे आणि तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावे.

"माझं मुलं न होण्याचं ऑपरेशन झालंय," म्हणून सुटका नाही. नळ्या बांधल्या तरी पिशवीचे तोंड तिथेच आहे. "माझा नवरा वारला, मला काय करायचंय," असेही म्हणू नका. विषाणू वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बहिणींना कुणी तपासणीला बोलवत नाही, आणि त्यांनाच आधी बोलवायला हवे.

डाग निघाला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. त्याचा अर्थ, अजून बघायला हवे. पेशी नुसत्या बदललेल्या असतील तर तेवढी जागा गोठवून किंवा उष्णता देऊन काही मिनिटांत नष्ट करता येते. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पिशवी जागेवर राहते. कर्करोग सुरू झाला असला तरी पहिल्या टप्प्यात ऑपरेशनने किंवा किरणोपचाराने, ज्याला आपण शेक देणे म्हणतो, पुष्कळ बायका बऱ्या होतात. खरी नासाडी होते ती डाग निघाल्यावर पुन्हा न जाण्याने. शिबिरात नाव लिहिले, चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठी लुगड्याच्या गाठीतच राहिली. शिबिरांना गर्दी होते आणि पुढच्या तारखेला बाई नसते. असे होऊ देऊ नका.

मुलींसाठी लस

आपल्या लेकी-नातींना यापेक्षाही चांगला मार्ग आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याआधी, लस देता येते. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होते. आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेने 'सर्व्हाव्हॅक' ही लस तयार केली, तिला २०२२ साली देशात मान्यता मिळाली. लसीने मूल होत नाही, पाळी बिघडते, ही अफवा आहे. हात दुखतो, थोडा ताप येतो, कुणाला घेरी येते, म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. एवढेच. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. लस कुठे आणि कशी मिळते हे आपल्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आपण काय करायचे

नुसते भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या तर माझे येणे वाया गेले. महिला मंडळाला माझ्या काही सूचना आहेत.

एक, गावातल्या ३० ते ६५ वयाच्या बायकांची वस्तीवार यादी करा. कोणत्याही जातीची असो, नाव सुटू देऊ नका. दोन, आशाताई आणि सिस्टरना विहारात बोलवा, तपासणीचा दिवस ठरवून घ्या. तपासणीचे टेबल, पडदा आणि नीट शिकलेली सिस्टर आहे का ते आधी विचारा. नसेल तर ग्रामपंचायतीच्या मार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. आणि मागणी करताना धाराशिवचे नाव घ्या. विषाणूची तपासणी आमच्या शेजारच्या बायकांवर सिद्ध झाली, ती आम्हाला कधी मिळणार, असे विचारा. तीन, एकटी बाई जात नाही, पाच-सात जणी मिळून जातात. म्हणून टोळी करून जा. एसटीला बायकांना अर्धे तिकीट आहे. चार, ज्यांना पुढे इंदापूरला, बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बार्शीला पाठवले असेल, त्यांच्यासोबत मंडळातली एक बाई जोडीला द्या आणि उपचार पुरा होईपर्यंत तिचे नाव वहीतून खोडू नका. पाच, खर्चाला घाबरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सहा, हंगामात फडावर येणाऱ्या ऊसतोड बहिणींनाही यादीत घ्या. त्या आपल्या गावच्या नसतील, पण सहा महिने आपल्या शिवारात राबतात.

पुरुष मंडळींना एवढेच सांगणे आहे. त्या दिवशी घरचा स्वयंपाक आणि जनावरांचे शेणपाणी तुम्ही बघा. आणि निकालात काही निघाले तर बायकोला टोचून बोलू नका. तिच्यासोबत दवाखान्यात बसा.

भगवान बुद्धांनी एका आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या भिक्खूकडे बाकीच्यांनी पाठ फिरवली होती. या रोगाची बाई शेवटी तशीच पडते. वास येतो म्हणून तिची खाट पडवीत जाते, सून नाकाला पदर लावते. ती वेळ यायच्या आधीच हात द्यायचा, तर तो आज द्यायला हवा.

या मेळाव्याला शंभराच्या वर बायका दिसतात. पाहणीच्या आकड्याप्रमाणे यांच्यातल्या फार तर दोघींची तपासणी झालेली असेल. पुढच्या वर्धापनदिनाला महिला मंडळाने किती जणींची तपासणी झाली तो आकडा याच विचारपीठावरून वाचून दाखवावा. वही आजच घाला. पहिल्या पानावर पहिले नाव मंडळाच्या अध्यक्षबाईंचे लिहा, म्हणजे बाकीच्या मागे राहणार नाहीत.



जयभीम! नमो बुद्धाय!